पक्षनिधीचा चेक आणि अडकलेली फाइल

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोन डायरेक्टर, एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एमआयडीसीत मशीन शॉप आणि लहानशी फाउंड्री. नवी शेड बांधली, भट्टी वाढवली आणि प्रदूषण मंडळाकडे वाढीव कन्सेंटचा, म्हणजे कारखाना चालवायच्या संमतीचा, अर्ज टाकला. त्याला सात महिने झाले. मध्येच एका पक्षात ऊठबस असलेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला: पाच लाख पक्षनिधी द्या, चेकनंच द्या, साहेबांची भेट घालून देतो, काम मार्गी लागेल. एक डायरेक्टर म्हणतो, चेकनं देतोय म्हणजे एक नंबरचं, शिवाय टॅक्समध्येही बसेल. दुसऱ्याला झोप नाही. हे कायद्यात बसतं का, हिशेबात कसं दाखवायचं, आणि देऊन खरंच काही पदरात पडतं का, असं विचारलंय.

मी कोल्हापुरात सीए आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांची ऑडिट करण्यात एकतीस वर्षं गेली. निवडणूक जवळ आली की असा फोन आलेला कोणीतरी माझ्या टेबलासमोर येऊन बसतोच. सगळ्यांना उत्तर हवं असतं ते तिसऱ्या प्रश्नाचं, पण बहुतेकांचा चेक पहिल्याच प्रश्नाशी अडतो. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

कंपनी कायदा २०१३, कलम १८२. कंपनी सरकारी नसावी. स्थापन होऊन किमान तीन आर्थिक वर्षं झालेली असावीत. आणि एका वर्षातली राजकीय देणगी मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुम्ही नफ्याचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून तुमच्याच आकाराच्या एका फाउंड्रीचे घेतो, थोडे गोल करून. पहिल्या वर्षी नफा ४० लाख, दुसऱ्या वर्षी २२ लाख, तिसऱ्या वर्षी तोटा ८ लाख. बेरीज ५४, सरासरी १८ लाख, त्याचे साडेसात टक्के १ लाख ३५ हजार. पाच लाखांचं बोलणं इथेच संपलं. पाच लाख द्यायचे तर सरासरी नफा ६६ लाख ६७ हजारांच्या घरात हवा. मर्यादा ओलांडली तर कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, म्हणजे २५ लाख. कसूरवार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाचपटीपर्यंत दंड आहे. दोन डायरेक्टरांच्या कंपनीत हा अधिकारी कोण, हे सांगायला नको.

ठराव बोर्डाच्या मीटिंगमध्येच मंजूर व्हावा लागतो. एक कागद फिरवून दोघांच्या सह्या घेतल्या, हे या विषयात चालत नाही. आणि तुमच्यात तर एकाचा विरोध आहे. दोघांपैकी एक आलाच नाही तर कोरम होत नाही, आला आणि विरोधात गेला तर मतं समसमान. चेअरमनला जादा मत आहे का, ते तुमच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, बघा. पैसे फक्त अकाउंट पेयी चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट. रोख एक रुपयाही नाही. नफा-तोटा पत्रकात एकूण रक्कम आणि पक्षाचं नाव, दोन्ही दाखवायचं.

हे शेवटचं वाक्य वाचून कदाचित तुमचे अकाउंटंट म्हणतील, नाव दाखवायची गरज नाही, मर्यादाही काढून टाकली आहे. त्यांचं चुकलं नाही, त्यांचा नमुना जुना आहे. २०१७ च्या वित्त कायद्यानं साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव सांगण्याची अट, दोन्ही उडवली होती. पाठोपाठ जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले, म्हणजे स्टेट बँकेकडून विकत घेऊन, नाव उघड न होता पक्षाला द्यायचे कागद. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं रोखे आणि त्यांच्यासोबत केलेले हे बदलही घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे मर्यादा परत आली, नावही परत आलं. इंटरनेटवरचे ठरावांचे मसुदे मात्र अजून २०१७ मध्येच आहेत. गेल्या वर्षी असा एक मसुदा माझ्याच ऑफिसातल्या शिकाऊ मुलानं मला आणून दिला होता.

आता टॅक्स. '८०जीजीबीखाली शंभर टक्के वजावट' हे वाक्य बाजारात फार फिरतं आणि ते खरंही आहे. (कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्याचे देतोय, अजून सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत.) पण तुमच्या कंपनीनं २२ टक्के दराचा पर्याय घेतलाय का? घेतला असेल, आणि नफ्यातल्या बहुतेक लहान कंपन्यांनी घेतलाय, तर ही वजावट तुम्हाला मिळतच नाही. म्हणजे पाच लाख करानंतरच्या नफ्यातून जाणार. वैयक्तिक खात्यातून दिलेत तर कलम ८०जीजीसी, पण तेही जुन्या कररचनेत असाल तरच.

इथे माझी एक चूक सांगून टाकतो, कारण तुम्हालाही पुढच्या फोनला हाच पर्याय सुचवला जाईल. 'देणगी नको तर नको, स्मरणिकेत जाहिरात द्या.' प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका क्लायंटनं पक्षाच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत पूर्ण पान घेतलं. आत कारखान्याचा फोटो, वर 'हार्दिक शुभेच्छा'. बिल आलं, मी ते जाहिरात खर्चात टाकलं आणि पुढे गेलो. असेसमेंटला अधिकाऱ्यानं व्हाउचर मागितलं, त्याला स्मरणिकेचं ते पान टाचलेलंच होतं. कलम ३७(२बी): पक्षानं काढलेल्या स्मरणिकेतल्या जाहिरातीचा खर्च वजा मिळत नाही. रक्कम फार नव्हती, पण मालकासमोर माझी मान खाली गेली ती गेलीच. कंपनी कायद्यातही तसंच आहे. स्मरणिका, पत्रक, पुस्तिका, पक्षासाठी वा पक्षातर्फे निघालेलं काहीही असो, त्यातली जाहिरात ही देणगीच धरली जाते आणि साडेसात टक्क्यांतच मोजली जाते. नेत्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, दहीहंडीचं बक्षीस, पक्षाच्या नावानं भरवलेलं आरोग्य शिबिर, ही बिलं 'सेल्स प्रमोशन'मध्ये ढकलताना हे आठवा. गल्लीतल्या गणपती मंडळाची वर्गणी वेगळी. तिथे फक्त पावतीवर नाव कोणाचं आहे ते वाचायचं.

एवढं होऊनही, समजा तुमचा नफा चांगला आहे, ठराव झाला, चेक मर्यादेत आहे. मग एक नंबरचं झालं का? तुमच्या भागीदाराचा सगळा भर या 'चेक' शब्दावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेकनं पैसे कसे गेले हे कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. 'पाच लाख द्या, भेट घालून देतो, कन्सेंट निघेल' हे वाक्य फोनवर तसंच उच्चारलं गेलं असेल, तर ती देणगी राहत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली सुधारणा झाली. तेव्हापासून लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहे. पैसे त्या लोकसेवकाच्या हातात न जाता दुसऱ्या कोणाकडे गेले तरी फरक पडत नाही. कंपनीसाठी वेगळं कलम आहे आणि संमती देणाऱ्या डायरेक्टरसाठी त्याहून वेगळं, त्यात किमान शिक्षाच तीन वर्षांची. जबरदस्तीनं द्यावं लागलं असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच. आता असं बघा: अर्ज प्रलंबित, मध्ये देणगी, पंधरा दिवसांनी मंजुरी, आणि मिनिट्स बुकमध्ये तारखेसह तुमचाच ठराव. विरोधी पुरावा तुम्ही स्वतः बाइंडिंग करून ठेवलेला.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. १९६९ मध्ये कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणगी देण्यावरच बंदी आली होती, ती १९८५ मध्ये उठली. या मधल्या काळात, १९८०-८१ मध्ये, अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंट तेव्हा नियंत्रित होतं. परमिटशिवाय पोतं मिळायचं नाही आणि मुंबईत तर बांधकामं सिमेंटवाचून खोळंबलेली असायची. पक्षाला देता येत नव्हतं, पण ट्रस्टला द्यायला कोणाची बंदी नव्हती. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही ट्रस्टांकडे बिल्डरांच्या, साखर कारखान्यांच्या देणग्या येऊ लागल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी ते 'इंडियन एक्स्प्रेस'मधून बाहेर काढलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले, ते सोडा. मुद्दा असा की त्या देणग्या नोंदलेल्या ट्रस्टांना होत्या, हेतूही कागदावर उदात्त होते. न्यायालयानं ते बाजूला ठेवून कोणी कधी दिलं आणि कोणाला कधी मिळालं, हे बघितलं.

त्याच्याही आधी, १९५७ साली, टाटा स्टीलला पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीच्या घटनापत्रकात बदल करून हवा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्यासमोर आलं. त्यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण निकालात त्यांनी लिहून ठेवलं की हे लोकशाहीला घातक ठरू शकतं, संसदेनं यात लक्ष घालावं. परवानगी देताना न्यायाधीशाचा हात अडखळलेला मी फार निकालांत वाचलेला नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. देऊन काय मिळतं?

सहा-सात वर्षांपूर्वी एका मालकांबरोबर मी मंत्रालयात गेलो होतो. त्यांचा परवाना एका कार्यालयात नऊ महिने पडून होता. त्यांनी माझा सल्ला न घेता आधीच पक्षनिधी देऊन टाकला होता आणि बदल्यात भेटीची वेळ मिळाली होती. आकडे विचारले गेले तर सांगायला हवेत म्हणून मला बरोबर घेतलं. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. मालकांनी बरोबर गुळाच्या रव्यांची खोकी घेतली होती, चार. सकाळपासून आधी बंगल्यावर, तिथून 'ऑफिसला या' म्हणून मंत्रालयात. दोन वाजता पास मिळाला. पीएंच्या केबिनबाहेर आमच्यासारखेच वीस-पंचवीस जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. माझ्या शेजारी सोलापूरकडचे एक संस्थाचालक होते, त्यांची त्या महिन्यातली तिसरी खेप. पावणेसहाला आम्हाला आत घेतलं. मंत्रिमहोदय सौजन्यानं बोलले, पाऊसपाणी विचारलं. मालकांनी दोन मिनिटांत अडचण सांगितली. साहेबांनी अर्ज घेतला, त्याच्या कोपऱ्यात शेरा मारला, सही केली आणि 'होऊन जाईल' म्हणाले. बाहेर आल्यावर मालकांनी तो कागद देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांत धरला होता. मी शेरा वाचला: 'तपासून नियमानुसार उचित कार्यवाही करावी.'

सरकारी कामकाजाशी संबंध आलेल्या कोणालाही या पाच शब्दांचं वजन माहीत असतं. नियमानुसार कार्यवाही तर शेरा नसतानाही करायचीच असते.

तो कागद आठवड्यानं मूळ कार्यालयात त्याच टेबलावर पोचला. तिथल्या क्लार्कनं फाइल उघडून दाखवली. पाच महिन्यांपूर्वीच त्रुटीपत्र काढलेलं होतं: एक नकाशा आणि एक चलन जोडलेलं नाही. पत्र ईमेलनं गेलं होतं, कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता होता दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा. नकाशा दिला, चलन दिलं, अठरा दिवसांत परवाना आला. मालक आजही चारचौघांत सांगतात की साहेबांच्या शब्दानं काम झालं. मी वाद घालत नाही.

सगळ्याच फाइली अशा निघत नाहीत, हेही खरं. मुद्दाम अडवलेल्या फाइली मी भरपूर पाहिल्यात. पण तुमच्या-आमच्या आकाराच्या माणसाला पक्षनिधीतून जे मिळतं, ते साधारण एवढंच: बाहेरच्या बाकावर बसायची जागा, पीएंच्या मोबाइलमध्ये नाव आणि एक शेरा. ते एकदा घेऊन भागतही नाही. यादीत नाव गेलं की पुढे वाढदिवस येतो, मेळाव्याच्या गाड्या येतात, पूरग्रस्तांची मदत येते आणि तिचा ट्रक त्यांच्याच फलकाखाली जातो. साहेबांचं खातं बदललं की नवा साहेब, पक्ष फुटला की दोन साहेब. माझे एक क्लायंट याला 'मेंटेनन्स' म्हणतात आणि लिफ्टच्या एएमसीशेजारी त्याचं बजेट धरतात. त्यांना विचारलं, काय काम होतं याच्यातून? म्हणाले, 'काम होत नाही हो. अडत नाही.' अडलं असतं का, हे ताडून बघायची सोय मात्र त्यांच्याकडे नाही. ती नाही म्हणूनच हा सगळा धंदा चालतो. मधल्या माणसाला काही करावंच लागत नाही. फाइल आपोआप निघाली की 'बघा, बोललो होतो', अडली की 'वरून प्रेशर आहे, थोडं अजून लागेल'.

मोठ्यांचं गणित निराळं आहे. ते फाइलसाठी जात नाहीत. टेंडरमध्ये 'मागच्या सात वर्षांत अमुक कोटींचं एकच काम पूर्ण केलेलं असावं' ही अट कोणत्या आकड्यावर ठेवायची, सूट कोणत्या तारखेपासून लागू करायची, अशा गोष्टी ठरत असताना कोणाशी बोललं जातं, यावर त्यांचं लक्ष असतं. तो आकडा ठरला की कोण बाद होणार हे अर्ज यायच्या आधीच ठरतं. आपल्याला कळतं ते पोर्टलवर जाहिरात आल्यावर. २०२४ च्या निकालात न्यायालयानंही हेच मांडलं: देणगीतून लोकप्रतिनिधींपर्यंत पोच मिळते, आणि पोच मिळाली की धोरणावर वजन पडतं.

ते वजन किती, याचा अंदाज त्या मार्चमध्ये सगळ्यांना आला. रोख्यांची माहिती द्यायला स्टेट बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती, न्यायालयानं ती ११ मार्चला फेटाळली आणि १४ मार्चला निवडणूक आयोगानं याद्या टाकल्या. त्या रात्री मी उत्सुकतेपोटी एक्सेल उघडून बसलो होतो. सगळ्यांत वर लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. तिचा सर्वांत मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांना नव्हता, हे पुढच्या आठवड्यात रोख्यांचे क्रमांक आल्यावर कळलं. तृणमूल काँग्रेसला ५४० कोटींच्या आसपास आणि द्रमुकला ५०० कोटींच्या वर गेले होते. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. तिसरी क्विक सप्लाय चेन, नवी मुंबईतली, तोपर्यंत आमच्या धंद्यातही फार कोणी नाव ऐकलेलं नव्हतं. ४१० कोटींचे रोखे. त्यातले ३६० कोटींचे तिनं २०२१-२२ या एका वर्षात घेतले, आणि त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा होता २२ कोटींच्या जवळपास. वरच्या फाउंड्रीचं १ लाख ३५ हजारांचं गणित आठवा. मर्यादा काढून टाकली की काय होतं, ते या एका ओळीत दिसतं. पक्षांच्या बाजूनं बघितलं तर एप्रिल २०१९ पासूनच्या त्या यादीत भाजपला ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी. हेही नोंदवतो की अमुक देणगीच्या बदल्यात अमुक कंत्राट मिळालं असं या प्रकरणात कोणत्याही न्यायालयानं ठरवलेलं नाही. विशेष तपास पथक नेमा ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं २ ऑगस्ट २०२४ ला नाकारली. तारखा आता सर्वांसमोर आहेत, ज्यानं त्यानं जुळवून बघाव्यात.

रोखे गेल्यावर मोठा पैसा पुन्हा इलेक्टोरल ट्रस्टांकडे वळला. त्यांची योजना २०१३ ची. वर्षात जमलेल्या रकमेतले किमान ९५ टक्के पक्षांना वाटावे लागतात आणि देणगीदारांची नावं आयोगाकडे जातात. कोणाचा रुपया कोणत्या पक्षाला गेला, हे मात्र बहुतेक वेळा त्यातून कळत नाही. तुमच्या आकाराच्या कंपनीला त्याचं काही कारण नाही, केवळ माहितीसाठी.

उघडपणे देण्याचीही एक जुनी रीत आहे आणि ती मला आवडते. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की काँग्रेसबरोबर आम्ही स्वतंत्र पक्षालाही निधी देणार आहोत, कारण देशात एक धड विरोधी पक्ष असणं आम्हाला गरजेचं वाटतं. नेहरूंना ते पटलं नाही, पण तुमची मर्जी, असं त्यांनी उत्तर दिलं. एखादा पक्ष तुम्हाला मनापासून पटत असेल, तर माझा सल्ला हाच: स्वतःच्या खात्यातून द्या, कंपनीतून नको, आणि सरकारात कोणतंही काम प्रलंबित नसताना द्या. वीस हजारांच्या वर दिलंत की पक्षाला तुमचं नाव आयोगाला कळवावं लागतं. फोनवरचा माणूस 'एकोणीस-एकोणीस हजारांच्या पावत्या फाडू' असं सुचवेल, तेव्हा त्याला कोणाचं नाव लपवायचंय हे विचारा.

एक सावधगिरी वेगळीच. काही फोन खऱ्या पक्षाचे नसतातच. नोंदणी आहे पण निवडणुकीत फारसे न दिसणारे शेकडो पक्ष देशात आहेत. त्यांच्या खात्यात चेक टाका, कमिशन कापून रोख परत घ्या, वर शंभर टक्के वजावट, असं पॅकेज विकणारे एजंट आमच्या ऑफिसातही येऊन गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगानं एका फटक्यात ३३४ पक्ष यादीतून काढले. आयकर खात्यानं त्याआधीच अशा वजावटी घेणाऱ्यांना नोटिसा काढायला सुरुवात केली होती. पगारदार माणसं आली होती माझ्याकडे, वीस-तीस हजारांचा टॅक्स वाचवायला गेली आणि व्याजासकट भरून बसली.

मग तुम्ही करायचं काय? फोनला नकार देताना भांडू नका. 'कंपनी कायद्याची मर्यादा आहे, आमचे सीए सही करणार नाहीत' असं सांगा. आम्हा लोकांचा एवढा तरी उपयोग होऊ द्या. पुन्हा फोन आला आणि त्यात कामाचा उल्लेख असला, तर तारीख, वेळ, नेमके शब्द एका वहीत लिहून ठेवा. स्पष्ट मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे. तिथे जायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. कारखाना तुम्हाला तिथेच चालवायचाय, हे मला कळतं, आणि घरी बसून शौर्याचे सल्ले देणं सोपं असतं.

फाइलसाठी पोर्टलवर अर्जाची सद्यस्थिती काढा आणि कोणाच्या लॉगिनला अडकलाय ते बघा. जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ मध्ये अशी तरतूद आहे की सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जावर चार महिन्यांत होकार वा नकार आला नाही, तर संमती मिळाली असं मानलं जातं. सगळी मेख 'सर्व बाबतींत पूर्ण' या शब्दांत आहे. तुमची शेड वाढली, भट्टी वाढली, मग वाढीव भांडवली गुंतवणुकीचं सीए सर्टिफिकेट जोडलंय का? फी त्या आकड्यावर ठरते आणि निम्मे अर्ज तिथेच लटकतात. कागद पूर्ण असतील तर कलमाचा उल्लेख करून साधं पत्र द्या, पोच घ्या आणि मगच वरच्या अधिकाऱ्याची वेळ मागा. एकट्यानं न जाता तुमच्या औद्योगिक संघटनेबरोबर जा. आमच्याकडे 'स्मॅक' किंवा 'गोशिमा'च्या लेटरहेडवर पाच कारखान्यांची नावं एकत्र गेली की कोणाला पक्षनिधी मागायचा, हाच प्रश्न पडतो.

तीन वर्षांची बॅलन्सशीट पाठवलीत तर मर्यादेचा आकडा काढून देईन, फी नको. पण त्याआधी, आज संध्याकाळीच, पोर्टलवर कंपनीचा म्हणून नोंदलेला ईमेल आणि मोबाइल नक्की कोणाचा आहे ते उघडून बघा.